वढवाण्याच्या काठी, ज्येष्ठातले पाच दिवस

मंगळवार, दशमी

सोमवारी मुलीची शाळा उघडणार होती. सुट्टीचे शेवटचे पाच दिवस मामाकडे, डभोईजवळच्या वढवाणा तळ्याकाठी घालवायचे, हे आम्ही दोघींनी एप्रिलपासूनच ठरवून ठेवलं होतं. बडोद्यात दांडिया बाजारातल्या घराला कुलूप लावत होते, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "आत्ता वढवाण्याला? आत्ता तिथं काय असतं?" प्रश्न साहजिक होता. बडोदेकर वढवाण्याला जातो तो थंडीत, गळ्यात दुर्बीण अडकवून. तेव्हा पट्टकादंब, चक्रवाक, लालसरी हजारोंनी उतरलेले असतात आणि पाळीवर गाड्यांची रांग लागते. ज्येष्ठात पक्षी गेलेले, पाणी ओसरलेलं, शेतं रिकामी. पण मी लहानपणापासून गेले ती उन्हाळ्याच्या सुट्टीतच. त्यामुळे माझं वढवाणा असंच आहे. अर्धं पाणी, अर्धी भेगाळलेली माती, आणि संध्याकाळी त्या मातीवर उतरलेलं सगळं गाव.

प्रतापनगरहून डभोईकडे जाणारा मार्ग आता ब्रॉडगेज झाला, गाड्या केवडियापर्यंत जातात. माझ्या लहानपणी इथून छोटी गाडी सुटायची. आजोबा दर खेपेला सांगायचे की डभोई ते मियागाम हा देशातला पहिला नॅरोगेज मार्ग, १८६२ सालचा, आणि सुरुवातीला त्याचे डबे बैल ओढायचे. मी मुलीला तेच सांगितलं. "मग बैलांना सिग्नल कळायचा का?" तिनं विचारलं. आजोबांना हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

भिलापूर आलं की मी खिडकीकडे सरकते. १ एप्रिल १७३१ ला या मुलखात थोरले बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे समोरासमोर आले. दोन्हीकडे मराठेच. त्र्यंबकराव पडले. दाभाड्यांच्या बाजूनं पिलाजीराव गायकवाड लढत होते. गायकवाडांचं बडोदं आणि त्या बडोद्यात आमच्यासारखी घरं, हे सगळं त्यानंतरचं. बाहेर नांगरून टाकलेली काळी शेतं आणि बाभळी दिसत होत्या.

डभोईला मामेभाऊ गाडी घेऊन आला होता. उद्या भीम अगियारस, म्हणून बाजारात आंब्याच्या पेट्यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. हिरा भागोळीच्या, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या दरवाजाच्या वाटेवर आदिवासी बायका टोपल्यांत रायणं घेऊन बसल्या होत्या. बोटाच्या पेराएवढी पिवळी फळं, आत गोड गर आणि चिकट दूध. चार खाल्ली की ओठ एकमेकांना चिकटतात. मुलीनं चाळीसेक खाल्ली असतील.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर पाळीवर गेलो. पाळ म्हणजे तळ्याचा मातीचा बांध. वर उभं राहिलं की एका अंगाला तळं आणि दुसऱ्या अंगाला कालव्याखालची शेतं, एका नजरेत मावतात. पाणी बरंच आत सरकलं होतं. मुलीनं शेताच्या कडेची एक तुराटी उचलली, खाली उतरून बरोबर पाण्याच्या ओठावर रोवली आणि म्हणाली, "उद्या बघू पाणी किती पळतं ते."

बुधवार, भीम अगियारस

आपली निर्जला एकादशी ती इथली भीम अगियारस. भीमाला भूक आवरत नसे, म्हणून त्यानं वर्षाच्या सगळ्या एकादशांचं पुण्य या एकाच उपासात मिळवलं, ही कथा दोन्हीकडे तीच. मात्र इथं तो शेतकऱ्याचा सण आहे. या दिवसानंतर पेरणीच्या गोष्टी सुरू होतात, आणि त्याआधी सासरी गेलेल्या लेकी माहेरी येऊन आंबे खाऊन जातात. सकाळी आठपासून फळियात, म्हणजे आपल्या आळीत, दर अर्ध्या तासानं एक मोटरसायकल थांबत होती. मागं लेक, मध्ये नातवंड, पुढच्या दांड्यावर पिशवी. प्रत्येक ओट्यावरून एकच हाक येई, "आवी गयी, बेन?" मलाही तीच हाक आली. माझं माहेर बडोद्यात, हे तर माझ्या आईचं माहेर. पण फळियाच्या हिशेबी आईची मुलगी तीही घरचीच लेक.

मामीनं दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही. बेचाळीस अंशांच्या पुढचं ऊन, तिची पासष्टी उलटलेली. मी सारखी मागं लागले होते, "मामी, घोटभर तरी घे गं." ती हसून कामाला लागायची. दुपारी तिनं चार नवे माठ भरले, त्यांत वाळ्याच्या जुड्या टाकल्या आणि मामेभावाकरवी फाट्यावरच्या परबेवर पोचवले. परब म्हणजे पाणपोई. आज पाण्याचं दान द्यायचं असतं. गावोगाव जाणारी माणसं गाड्या थांबवून ते पाणी पीत होती आणि मामी ओसरीवर बसून लांबून बघत होती. तिचा चेहरा मी विसरणार नाही. आपण न पिता दुसऱ्याला पाजायचं, तेही असल्या उन्हात, हे मला कधी जमलेलं नाही.

आमच्या फराळात साबुदाण्याची खिचडी, शेजारून आलेला मोरैयो म्हणजे वरीचे तांदूळ, राजगिऱ्याच्या पुऱ्या, आणि आमरसाला तर हिशेबच नव्हता. मामाचं घर या गावातलं एकुलतं एक मराठी घर. मामाचे आजोबा गायकवाडीत कारकून होते. तळ्याचं काम चालू असताना त्यांची इथं बदली झाली, काम संपलं तरी ते गेले नाहीत. चार बिघे जमीन घेतली आणि राहिले. घरात अजून मराठी बोलतात, पण हिशेब गुजरातीत करतात, आणि गुरांशीही गुजरातीच.

संध्याकाळी उघड्या पडलेल्या तळ्याच्या तळावर क्रिकेट रंगलं. याहून मोठं मैदान साऱ्या तालुक्यात मिळणार नाही. माहेरवाशिणींची मुलं विरुद्ध गावातली मुलं, असा सामना होता. भेगांवरून चेंडू कुठं उसळेल याचा नेम नाही, आणि पाण्यात गेला की सहा धावा पण तो आणायचा फलंदाजानंच. गाळ फसवा असतो, पाय रुततो. म्हणून एक म्हातारे बापा खाटलं टाकून काठावर बसले होते, आणि गुडघ्याच्या पुढं कुणी गेलं की काठी आपटायचे. माझ्या लहानपणीही असंच कुणीतरी बसलेलं असायचं. बायका पाळीच्या उतारावर, पदरात बाळं घेऊन. कोण कुठं दिली, कुणाची सासू बरी, कुणाकडं बोअरला पाणी लागलं, सगळ्या वर्षाच्या बातम्या त्या दोन तासांत.

आदल्या दिवशीच्या काठीपासून पाणी चार पावलं मागं गेलं होतं. मुलीची पावलं, टाच बोटाला लावून मोजलेली. तिनं दुसरी तुराटी रोवली.

गुरुवार, द्वादशी

मामीनं सूर्योदयाला पारणं केलं आणि मामा आम्हाला ओरसंगवर घेऊन निघाला. "तळं कुठून येतं ते पोरीला दाखवू," म्हणाला.

वढवाणा स्वतः भरत नाही, भरवावा लागतो, हे मलाही पुष्कळ उशिरा कळलं. जोजवा गावापाशी ओरसंग नदीवर बंधारा आहे. नदीला पावसाळ्यात पाणी आलं की बंधाऱ्यापाशी ते वळवून कालव्यानं तळ्यात आणतात. तिथं ते साठतं आणि पुढं दुसऱ्या कालव्यांनी शेतांत जातं. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०९-१० मध्ये हे तळं झालं, पंचवीस गावांच्या शेतीसाठी. गावात मात्र तळ्याची गोष्ट त्याच्या दहा वर्षं आधीपासून सुरू होते. छप्पनियो, म्हणजे संवत १९५६ चा दुष्काळ, इंग्रजी १८९९-१९०० चा. पाऊस आलाच नाही. गुजरातेत माणसं आणि गुरं वाटेवर पडली. आजही इथं कुणी ताटात अन्न टाकलं की म्हातारी माणसं म्हणतात, "छप्पनियो जोयो नथी एटले," छप्पनियो पाहिला नाही ना, म्हणून. दुष्काळ आजच्या कुणीच पाहिलेला नाही, पण ते वाक्य अजून बोललं जातं.

ओरसंग म्हणजे आत्ता नुसती वाळू. पांढरी, जाड, पायाखाली करकरणारी. वाळूत उन्हाळी टरबुजांचे वेल सुकून पडले होते. एका ठिकाणी बायकांनी वाळूत हातभर खड्डा केला होता, त्याला इथं वीरडो म्हणतात. तळाशी निवळशंख पाणी झिरपत होतं. एक बाई वाटीनं घागर भरत होती, अजिबात घाई न करता, कारण घाई केली की पाणी गढूळ होतं. तिनं मुलीला ओंजळभर दिलं. थंडगार.

मामा पूर्वेकडं हात करून म्हणाला, "इथं पडतो तो पाऊस शेताचा. तळ्याचा पाऊस तिकडं पडतो, छोटाउदेपूरच्या वर, मध्य प्रदेशाच्या डोंगरात." म्हणून इथले लोक जूनअखेरीला डोक्यावरचं आभाळ बघतात आणि रात्री पूर्वेकडं वीज चमकते का तेही बघतात. डोक्यावर कोरडं आणि पूर्वेला लखलखाट, असं झालं तरी गाव खूश असतं.

परतताना संखेड्याला थांबलो. लाकडावर लाखेचं काम करणारे खरादी सागाचे पाय संघेड्यावर, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रावर, फिरवत बसले होते. मरून आणि सोनेरी, हा संखेड्याचा जुना रंग. चांदीसारखी नक्षी कथलाच्या वर्खाची असते, तिच्यावर लाख चढली की ती सोन्यासारखी दिसते. केवड्याच्या पानानं लाख पसरवतात. मामाच्या ओसरीतला झोपाळा इथलाच आहे, माझ्या आईच्या लग्नाच्या आधीचा. रंग अजून तसाच.

आणि दुपार? दुपार झोपाळ्यावर. या दिवसांत दहा ते पाच गावात कुणी दिसत नाही. पहाटे चारला म्हशींचं, मग शेणाघाणाचं, मग दहापर्यंत जे होईल ते, आणि नंतर दारं अर्धी लोटून घरंच्या घरं झोपतात. शहरातून आलेल्या माणसाला ही सुस्ती वाटते. मला वाटत नाही. गहू घरात आला आहे, कापसाची पेरणी पावसावर अडली आहे. वर्षात शेतकऱ्याला एवढीच पंधरावीस दिवसांची जागा मिळते, जिथं त्याच्याशिवाय काही अडत नाही. ती झोपून काढायला तो पूर्ण हक्कदार आहे.

बायकांची दुपार मात्र गच्चीवर असते. मामीच्या गच्चीवर चार पातेली तोंडाला पांढरी फडकी बांधून उन्हात होती. राजापुरी कैरी किसायची, मीठ-हळद लावायची, साखर घालायची आणि सूर्यावर सोडून द्यायची. रोज संध्याकाळी हलवायचं. आठदहा दिवसांनी पाकाची तार आली की तिखट आणि जिरं. हा छुंदो. चुलीला हातही लागत नाही. त्याच कैऱ्यांचा गुळांबा मामी खाली चुलीवर करते, लवंग घालून, आजेसासूच्या हातचा. शेजारणी गुळांब्याची वाटी नेतात आणि गोरकेरीची, म्हणजे गुळातल्या कैरीच्या लोणच्याची वाटी ठेवून जातात. कधीपासून चाललंय कुणास ठाऊक. माझ्या मते बडोद्याकडच्या मराठी घराची चव या वाट्यांच्या देवाणघेवाणीतून तयार झाली आहे.

आज पाणी पाच पावलं मागं. तिसरी काठी.

शुक्रवार, त्रयोदशी

सकाळी पाळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालून आलो. रामसर स्थळाची पाटी वाचून मुलीनं विचारलं, "हे राम सर कोण?" मग तिला सांगितलं की रामसर हे इराणमधलं गाव, तिथं १९७१ मध्ये पाणथळ जागा जपायचा करार झाला, आणि २०२१ मध्ये वढवाणा त्या यादीत आलं. "म्हणजे आपलं तळं इराणपर्यंत माहीत आहे?" तिला अभिमान वाटला. मलाही वाटतो. शेतीसाठी बांधलेल्या तळ्यानं परमुलखातल्या पाखरांनाही ठाव दिला.

आणि ज्येष्ठात पक्षी नसतात हे खरं नाही. जे जात नाहीत ते असतात. जांभळ्या पाणकोंबड्या लालभडक पायांनी लव्हाळ्यात फिरत होत्या, कमळपक्षी पानांवरून चालत होता, अडई शीळ घालत डोक्यावरून गेल्या. लांब, पाण्याच्या पलीकडच्या चिखलात, सारसांची एक जोडी. ती बराच वेळ दोघंच उभी होती. पावसाला सुरुवात झाली की घरटं करतील.

उतारावर टिटवीनं डोकं खाल्लं. अंडी जवळ होती. टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाऊस भरपूर, खोलगटात घातली तर बेताचा, हा ठोकताळा आपल्याकडंही आहे. आम्हाला ती सापडली पाळीच्या खांद्यावर, चांगली उंच. चार. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. मामानं ही बातमी दूध मंडळीत सांगितली आणि संध्याकाळपर्यंत ती सगळ्या गावात होती.

दूध मंडळी हा गावाचा संध्याकाळचा कट्टा. बायका किटल्या घेऊन रांगेत, आत फॅट मोजायचं यंत्र, पावतीवर आकडा. उन्हाळ्यात चारा कमी, दूध कमी, तरी रांग तेवढीच. सुरती म्हशी, विळ्यासारख्या वाकलेल्या शिंगांच्या, गावतळ्यातून नुकत्या बाहेर निघून निथळत घरी चालल्या होत्या. मोठं तळं वेगळं आणि पादरावरचं, म्हणजे वेशीजवळचं, गावतळं वेगळं. गावतळ्यातला गाळ काढून ट्रॅक्टरनं शेतात टाकायचं काम चालू होतं. पाऊस यायच्या आत जेवढ्या खेपा होतील तेवढ्या.

आज पाणी तीनच पावलं मागं. मुलगी गोंधळली. मामा म्हणाला, वारा आपल्या बाजूला आहे, पाणी इकडं लोटतोय. तिनं वहीत काठीपुढं बाण काढला.

रात्री सगळी खाटली अंगणात. चंद्र जवळजवळ पुरा. मामानं हिऱ्या सलाटाची, म्हणजे पाथरवटाची, गोष्ट सांगितली, माझ्या आईला त्याच्या वडिलांनी सांगितलेली. डभोईचा किल्ला बांधणारा हिरा तेना नावाच्या एका बाईवर जीव लावून बसला. रोज किल्ल्याच्या कामावरून तो थोडे दगड लांबवायचा आणि तिच्या गावी तिच्यासाठी तळं बांधायचा. राजाला कळलं आणि त्यानं हिऱ्याला भिंतीत चिणवलं. किल्ल्याची अपुरी कमान दुसऱ्या कुणाला जमेना, तेव्हा आठवण झाली. तेना भिंतीच्या फटीतून तूप ओतून त्याला जगवत होती, म्हणून तो जिवंत सापडला. तेन तलाव अजून आहे, हिरा भागोळही आहे. "राजाचं तळं आणि सलाटाचं तळं," मामा म्हणाला, "दोन्ही आपल्याच तालुक्यात." मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिनं रोज तूप कुठून आणलं असेल?" त्याचं उत्तर मामाकडं नव्हतं.

शनिवार, वटपौर्णिमा

पहाटेच पाळीखालच्या वडाला बायकांची गर्दी. गुजरातेत वटसावित्री पौर्णिमेलाच असते, आपल्यासारखी. मामी नऊवारीत, बाकी सगळ्या बांधणीच्या साड्यांत, पण सूत तेच आणि वडही तोच. मामीनं ओटीत गहू आणि आंबा घातला, शेजारणीच्या ताटात काकडीचे काप आणि भिजवलेले हरभरे होते. सूत गुंडाळत फेरे चालले तेव्हा वडाच्या दुसऱ्या बाजूनं पावशा ओरडायला लागला. "पेरते व्हा" असं आपण ऐकतो. इथं त्याला बपैयो म्हणतात. एका म्हाताऱ्या बांनी फेरा थांबवून कान दिला आणि म्हणाल्या, "आव्यो." या वर्षी पहिल्यांदाच ऐकत होत्या. पावसाचा अजून पत्ता नव्हता, तरी बायका एकमेकींकडं बघून हसल्या.

दुपारच्या गाडीला निघायचं होतं. मुलगी जेवण अर्धं टाकून तळ्यावर पळाली. पाचवी काठी सकाळी रोवून झाली होती. आता तिला चारही अंतरं पुन्हा मोजायची होती. भर उन्हात मीही मागं. पाच तुराट्या एका रेषेत, पहिलीच्या पायाशी माती आता पार तडकलेली, शेवटचीच्या पायाशी ओली. मामा हळूहळू आला, दगड उचलला आणि एकेक काठी खोल ठोकत गेला, गुरांनी पाडू नये म्हणून.

"मामाआजोबा, पाणी पहिल्या काठीला परत लागलं की मला फोन करा."

"पहिल्या पावसाला नाही हं लागणार. ओरसंगला पूर यायला हवा."

"चालेल. पण त्याच दिवशी करा."

मामीनं छुंद्याचं एक पातेलं बरणीत ओतून तोंडाला फडकं बांधून दिलं. अजून तीनचार उन्हं लागतील, म्हणाली, दांडिया बाजारच्या गच्चीवर ठेव, रोज हलवायला विसरू नकोस. गाडीत बरणी मांडीवर धरून बसले, तेव्हाही ती कोमट होती.

सोमवारी मुलगी शाळेतून आली आणि दप्तर न उतरवताच फोन लावला. मामा पलीकडून म्हणाला, "तुझी पाचवी काठी कोरडी पडली. काल संध्याकाळी मी सहावी रोवलीय, आज सातवी लावतो. वहीत लिही, चार पावलं. माझी, तुझी नव्हेत."